मफलर तिरका का जातो, तेही कृतीत छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आपल्या पुरवणीत क्रोशाच्या मफलरची कृती आली होती. ‘एका संध्याकाळी मफलर’ असे शीर्षक, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या पिवळ्या मफलरचा मोठा फोटो आणि शेजारी बारा ओळींची कृती. ते कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे. त्याबद्दलच लिहितो आहे. पत्र लांबेल, पण कृतीत जे राहून गेले ते सगळे यात सांगायचे आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

मी नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ३४ वर्षे लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापण्याच्या यंत्रावर, टर्नर होतो. आयटीआय करून लागलो आणि लेथवरूनच निवृत्त झालो. तोवर सुई हातात धरली ती शर्टाचे बटण लावण्यापुरती. क्रोशा शिकावा असे वाटले ते आमच्या दादांमुळे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. निफाड तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, तीत त्यांची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की मणी फुगेपर्यंत बागेला थंडी सोसत नाही. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की दादा मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जातात, आणि कडाका वाढला की पहाटे बांधावर शेकोट्या पेटवायलाही तेच. पोरे म्हणतात, आम्ही जातो. हे ऐकत नाहीत. डोक्याला टोपी, अंगात जुना स्वेटर आणि गळ्याभोवती आंघोळीचा पंचा. दर डिसेंबरात आपल्या पहिल्या पानावर निफाडचा पारा घसरल्याची बातमी असते. ती वाचली की मला तो पंचा आठवतो. विकतचा मफलर दोनदा नेऊन दिला, शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून. एक नातवाने नेला, दुसरा कपाटात ठेवून दिला, ‘चांगला आहे, लग्नाकार्याला घालू’ म्हणून. स्वतः विणून दिला तर ठेवून देणार नाहीत, असे मनाने घेतले. त्याच आठवड्यात आपली पुरवणी हातात पडली.

कृतीत पहिली ओळ अशी होती: ‘मध्यम लोकर आणि योग्य सुई घ्या.’ मी रविवार कारंजावर उतरून मेन रोडच्या गल्लीतल्या लोकरीच्या दुकानात गेलो. मेंदी रंगाचे पन्नास ग्रॅमचे दोन गुंडे घेतले. सुई मागितली तर दुकानदाराने क्रोशाची एक बारीक स्टीलची सुई दिली, तिच्यावर ८ आकडा होता. मला वाटले, ८ मिलिमीटर असणार. घरी येऊन व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाने, मोजली तर जेमतेम दीड मिलिमीटर भरली. स्टीलच्या सुयांचा आकडा तारेच्या गेजसारखा उलटा चालतो, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. पत्र्याचे आणि तारेचे गेज मी आयुष्यभर हाताळले, तरी इथे फसलो, कारण कृतीत ‘योग्य’ या शब्दापलीकडे काही नव्हते. ती सुई सुती दोऱ्याच्या लेसची. तिच्या टोकाच्या आकड्यात, म्हणजे हुकात, लोकरीचा धागा नीट बसत नव्हता, सुटून चिरत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसने जाऊन ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई आणली. मग कळले की गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीवर सुईचे छोटे चित्र आणि मिलिमीटर छापलेले असतात. ज्याने पहिल्यांदाच लोकर घेतली आहे त्याला ही पट्टी वाचायची असते हे कोण सांगणार?

पुढची ओळ: ‘२० साखळ्या घाला आणि त्यावर डबल क्रोशे करत जा.’

साखळी जमली. सरकती गाठ मारायची, सुईवर धागा घ्यायचा, वेढ्यातून ओढून काढायचा, झाली एक साखळी. फक्त माझ्या साखळ्या इतक्या घट्ट होत्या की सुई त्यांत परत शिरेना. नंतर समजले की मी टाका सुईच्या गळ्यात, म्हणजे आकड्याच्या अगदी मागे जो निमुळता भाग असतो तिथे आवळत होतो. सुईवर लिहिलेले ५ मिलिमीटर हे माप मागच्या सरळ दांड्याचे असते. वेढा त्या दांड्यावर यायला हवा, तरच टाका ५ मिलिमीटरचा होतो. व्हर्नियर लावल्यावर हे माझ्या लगेच लक्षात आले, पण घरोघरी व्हर्नियर नसतो.

खरी अडचण ‘डबल क्रोशे’ या दोन शब्दांनी केली. म्हणजे काय ते कृतीत नव्हते, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पहिल्या बाईंनी सुई टाक्यात घातली, धागा ओढला, पुन्हा धागा घेऊन दोन्ही वेढ्यांतून काढला. बुटका, घट्ट टाका. मी तसे बारा ओळी विणले. हाताला पुठ्ठ्यासारखे लागत होते. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सापडेना म्हणून दुसरा लावला. त्या बाईंनी ‘डबल क्रोशे’ म्हणूनच सुईवर आधी एक वेढा घेतला, मग टाक्यात घातली, आणि दोन-दोन वेढ्यांतून दोनदा धागा काढला. टाका दुप्पट उंच. पहिल्या बाई ब्रिटिश होत्या, दुसऱ्या अमेरिकन. ब्रिटनमध्ये ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात, आणि अमेरिकेतला डबल म्हणजे ब्रिटनमधला ट्रेबल.

संपादक महोदय, हा घोळ आमच्या धंद्यातही आहे, पण आम्ही त्याची सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलमध्ये. एकाच जॉबचे, म्हणजे घडवायच्या भागाचे, डावे-उजवे दोन्ही पद्धतींत उलट जागी येते. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, कापलेल्या शंकूचे एक लहानसे चिन्ह असते. परदेशी ऑर्डरचे ड्रॉइंग टेबलावर आले की आधी ते चिन्ह बघायचे, मग मापे. चिन्ह नसलेल्या ड्रॉइंगवर मी कधी चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा लेथचा भाग, फिरवला नाही. मफलरच्या कृतीवरही पद्धत कोणती ते एका ओळीत लिहिता आले असते. माझ्या कात्रणात ती ओळ नाही, म्हणून माझ्या मफलरच्या पहिल्या बारा ओळी एका देशाच्या होत्या आणि पुढच्या एकोणीस दुसऱ्या.

त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. जिच्यासाठी आपण इंग्रजी नाव छापले त्या टाक्याला मराठीत नाव आहेच.

३१ ओळी झाल्यावर मी तो तुकडा पिशवीत घालून गावी गेलो. दादांना दाखवायचा नव्हता, वहिनींना दाखवायचा होता. वहिनींच्या घरात दारावरच्या तोरणापासून टीव्हीवरच्या आच्छादनापर्यंत सगळे त्यांच्या क्रोशाचे. त्यांच्या आईने शिकवले, लग्नाआधी. दादा बागेत गेले तशी मी पिशवी उघडली. वहिनींनी तुकडा मांडीवर अंथरला, दोन्ही तळहातांनी सपाट केला. खालची कड ओंजळभर रुंद आणि वरची त्याच्या दोन तृतीयांश.

“भाऊजी, खांब मोजले का?”

“कसले खांब?”

“हे उभे दिसतात ते. पहिल्या ओळीत किती, या ओळीत किती?”

मी मोजले. पहिल्या ओळीत अठरा. शेवटच्या ओळीत बारा.

सुईवर वेढा घेऊन घालतात तो खांब. वेढा न घेता घालतात तो मुका खांब. त्या दोहोंच्या मधला अर्धा खांब. आणि सगळ्यांच्या खाली साखळी. वहिनींनी हे शब्द असे सांगितले जसे आपण गहू, ज्वारी, बाजरी सांगतो. ‘खांब’ म्हटले की टाका उंच आहे, उभा आहे, हे ऐकतानाच डोळ्यांपुढे येते. ‘मुका’ म्हटले की तो दबलेला आहे हे कळते. दोन देशांच्या इंग्रजीत जो गोंधळ आहे तो या शब्दांत नाही. हे शब्द आपल्याकडच्या हजारो घरांत बोलले जातात, आणि मराठी वर्तमानपत्राच्या कृतीत मात्र नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. आपण ते छापले असते तर मला व्हिडिओ शोधावा लागला नसता. शेजारच्या कोणत्याही मावशींना विचारले असते.

आता अठराचे बारा कसे झाले ते सांगतो, कारण नवशिक्यांचे हात इथेच थांबतात. माझ्या बिल्डिंगमधल्या दोघींनी तेच कात्रण पाहून मफलर विणायला घेतला होता. दोघींचेही मफलर तिरके गेले, दोघींनी सोडून दिले. ‘आपल्याला जमत नाही’ असे त्या म्हणतात. मी त्यांना सांगितले, तुमचे काही चुकले नाही, कृतीत ओळ राहिली आहे.

ओळ संपली की काम उलटे फिरवायचे आणि तीन साखळ्या घालायच्या, म्हणजे नव्या ओळीला खांबाएवढी उंची मिळते. त्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून त्यांच्या अगदी बुडाशी जो टाका आहे तो सोडायचा आणि पुढच्या टाक्यात सुई घालायची. बुडाशीही खांब घातला तर एक वाढतो. आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला मागच्या ओळीच्या त्याच तीन साखळ्या उभ्या असतात. त्या खांबासारख्या दिसत नाहीत, कडेला मुरगळून बसतात. शेवटचा खांब त्यांच्या सर्वांत वरच्या साखळीत घालावा लागतो. मला ती साखळी दिसतच नव्हती. वाटायचे, ओळ संपली. कधी नकळत सुई तिच्यात जायची, कधी राहून जायची. राहिली की एक खांब कमी. एकोणीस ओळींत सहा गेले.

आणि पहिल्या ओळीपासून खांबच घातले असते तरी सुरुवातीलाच दोन गेले असते. कृतीत २० साखळ्या लिहिल्या होत्या, पण पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालतात. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब आणि उरलेल्या सतरांचे सतरा, असे अठराच होतात. वीस खांब हवे असतील तर बावीस साखळ्या घालाव्या लागतात. हा हिशोब कोणाही शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायला हवा, नाहीतर तो पहिल्या ओळीपासूनच स्वतःवर शंका घ्यायला लागतो.

वहिनींनी डाव्या हाताच्या बांगडीला अडकवलेल्या पिनांमधून दोन सेफ्टी पिना काढल्या. एक त्यांनी ओळीच्या पहिल्या टाक्यात लावली, दुसरी त्या मुरगळलेल्या वरच्या साखळीत. “ही पिन दिसली की समजायचं, अजून एक खांब राहिलाय. ओळ झाली की पिन वरच्या ओळीत हलवायची.” एवढेच. ३४ वर्षे मी माप बरोबर की चूक एवढेच सांगणारे गो-नो-गो गेज वापरले, तेच काम बांगडीवरच्या पिनेने झाले.

मग त्यांनी विचारले, “उसवू का?” मी काही बोललो नाही. नऊ संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. त्यांनी सुई काढली आणि धाग्याचे टोक ओढले. क्रोशात एका वेळी सुईवर एकच जिवंत टाका असतो, त्यामुळे तो ओढला की ओळीच्या ओळी सरसर सुटतात, कुठे अडत नाहीत. त्या ओढत होत्या, मी गुंडा करत होतो. धागा वाकडातिकडा, कुरळा होऊन येत होता. थोड्या वेळाने माझ्या हातात पुन्हा पूर्ण गुंडा होता.

त्या गुंड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. लेथवर टूल एकदा जास्त आत गेले की गेले. शाफ्टचा व्यास एका शतांश मिलिमीटरने खाली उतरला तरी कापलेला धातू परत चिकटवता येत नाही. तो जॉब भंगाराच्या डब्यात जातो आणि वर सुपरवायझरचे बोलणे. कापून काढण्याच्या कामात आयुष्य गेले माझे. इथे एकतीस ओळी चुकल्या आणि लोकर एक वीतभरसुद्धा वाया गेली नाही. नवशिक्याला हे कृतीतच सांगितले पाहिजे, अगदी वरच्या ओळीत: चुकले तर उसवा, लोकर तशीच्या तशी परत मिळते. भीती तिथेच जाते.

त्याच दुपारी ओसरीवर पुन्हा सुरू केले. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे साखळीपुरती एक नंबर जाड, म्हणजे ६ मिलिमीटरची सुई त्यांच्या डब्यातून घेतली आणि पहिल्या ओळीपासून माझी ५ ची. त्यामुळे साखळी सैल राहिली आणि खालची कड आत ओढली गेली नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी वीस मोजले. मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही.

वेळेबद्दलही बोलायला हवे. मी घड्याळ लावून पाहिले. सुरुवातीला वीस खांबांच्या एका ओळीला अकरा मिनिटे लागत, तिसऱ्या दिवशी सहा. १४० सेंटिमीटर लांबीला माझ्या १०५ ओळी झाल्या, म्हणजे २,१०० खांब. सहा मिनिटांच्या हिशोबाने दहा तासांहून जास्त. हात बसलेल्या बाईला हे काम कदाचित निम्म्या वेळात जमेल, नवशिक्याला नाही. ‘एका संध्याकाळी’ हे शीर्षक वाचून जो बसतो तो रात्री दहाला वीतभर तुकडा बघून निराश होतो. ‘रोज एक तास, दहा-बारा दिवस’ असे छापले असते तरी मी विणायला घेतला असता. कामाला किती वेळ लागणार ते आधी कळले की माणूस त्या बेताने बसतो.

लोकरीचे आणखी एक. सत्तर-ऐंशी ओळींनंतर दोन्ही गुंडे संपत आले. मेन रोडला जाऊन तोच मेंदी रंग, तोच आकडा दाखवून तिसरा गुंडा आणला. विणल्यावर उन्हात धरला तर रंग एक छटा पिवळसर. पट्टीवर रंगाच्या आकड्याशेजारी लॉटचा आकडाही असतो, आणि दर लॉटची रंगाई थोडी वेगळी उतरते. सगळे गुंडे एकदम, एकाच लॉटचे घ्यायचे असतात. मफलरला शंभर ते दीडशे ग्रॅम लागतात, तेव्हा तीन गुंडे एकदमच घ्यावेत. उरलेला गुंडा पट्टी न फाडता ठेवला तर पुष्कळ दुकानदार परत घेतात. माझ्याकडे लॉट जुळणारा नव्हताच, तेव्हा वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, नवा रंग दोन्ही टोकांना पाच-पाच ओळी घाला, काठ केल्यासारखा दिसेल. एका टोकाला सोपे होते. दुसऱ्या टोकाला, जिथून सुरुवात केली होती तिथे, साखळीच्या खालच्या बाजूने धागा जोडून उलट्या दिशेने खांब घातले. चालतात. मला ते माहीत नव्हते. आता तो मफलर बघून कोणी विचारत नाही की रंग का बदलला. विचारतात, काठ कसा केला.

धाग्यांची टोके गाठ मारून कापू नयेत, धुताना गाठ सुटते. मोठ्या भोकाच्या जाड सुईने टोक खांबांच्या पोटातून बोटभर पुढे आणि परत मागे ओवायचे. आणि ॲक्रिलिकवर, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या लोकरीवर, कडक इस्त्री फिरवू नये, लोकर चपटी आणि लुळी पडते, परत उठत नाही. धुवून टॉवेलवर आडवी वाळवावी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायलाच हवे असे वाटले ती गोष्ट. आपल्या कृतीची शेवटची ओळ होती, ‘हवी तेवढी लांबी झाली की बंद करा.’ मी ३४ वर्षांत शॉप फ्लोअरवर एकदाही मफलर घातला नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा, पहाटेच्या पाळीलासुद्धा. फिरत्या चकजवळ लोंबते कापड नको हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम आहे. सैल बाही, टाय, मफलर, काहीही. टोक एकदा अडकले की माणसाला हात मारायलाही वेळ मिळत नाही. तोच धोका विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्याजवळ, थ्रेशरजवळ आणि दुचाकीच्या चाकाजवळ आहे. दुचाकीच्या चाकात ओढणी अडकल्याच्या बातम्या आपण छापता. म्हणून दादांचा मफलर मी १४० सेंटिमीटरवर बंद केला. गळ्याभोवती एक वेढा घेऊन दोन्ही टोके स्वेटरच्या आत खोचता येतात, बाहेर काही लोंबत नाही. झालरही लावली नाही. फोटोत झालर छान दिसत होती, पण अंधारात मोटारीवर वाकणाऱ्या माणसाला ती नको.

दुसरे, माझी लोकर ॲक्रिलिक आहे आणि दादा शेकोटीजवळ उभे राहतात. ॲक्रिलिक पेटले तर वितळून कातडीला चिकटते. वेल्डिंगजवळ आम्ही सुती कपडेच घालत होतो ते याचसाठी. हे मला मफलर पूर्ण झाल्यावर आठवले, आधी आठवायला हवे होते. दादांना हात जोडून सांगितले आहे की शेकोटी पेटवायच्या आधी मफलर काढून ओसरीवर ठेवायचा. पुढचा मी शुद्ध लोकरीचा करणार आहे. ज्यांना आगीजवळ, चुलीजवळ काम असते त्यांच्यासाठी विणणाऱ्याने लोकर घेतानाच याचा विचार करावा, हे कृतीत एक वाक्य टाकून सांगता येईल.

क्रोशे हा शब्द मूळचा फ्रेंच, छोटा आकडा असा त्याचा अर्थ. तिबेटियन मार्केटमधले मफलर यंत्रावर उतरतात. या आकड्याने घातलेला खांब मात्र हातानेच घालावा लागतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हातकामाला एवढा मान आहे त्याची कृती फोटोच्या बाजूला उरलेल्या जागेत बसवू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा विनंती अशी की ही कृती दुरुस्त करून पुन्हा छापावी. ती अशी असावी: मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, गुळगुळीत लोकर, एकाच लॉटची, दीडशे ग्रॅम. काळी किंवा केसाळ लोकर पहिल्यांदा नको, तिच्यात टाके दिसत नाहीत. सुई ५ मिलिमीटर. साखळ्या २२, शक्य तर ६ मिलिमीटरच्या सुईवर. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, पुढे प्रत्येक साखळीत एक, एकूण २० खांब. काम फिरवून ३ साखळ्या, हा पहिला खांब. बुडाचा टाका सोडून पुढे प्रत्येक टाक्यात खांब, शेवटचा मागच्या ओळीच्या तिसऱ्या साखळीत. मोजा, २०. दोन्ही कडांना पिन. १४० सेंटिमीटरपर्यंत हीच ओळ. ज्यांना उभ्या साखळ्यांचा हा हिशोब अवघड वाटेल त्यांनी मुक्या खांबाने सुरुवात करावी: २१ साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून सुरू, फिरवल्यावर एकच साखळी, ती मोजायची नाही आणि पहिला टाका सोडायचाही नाही. कापड जरा जाड होते आणि वेळ जास्त लागतो, पण कड पहिल्या दिवसापासून सरळ येते. माझ्या बिल्डिंगमधल्या दोघींनी आता याच पद्धतीने पुन्हा घेतला आहे, मंगळवारपर्यंत एकीच्या चाळीस ओळी झाल्या होत्या, चाळिसाव्या ओळीतही वीस.

शब्द तपासायला कोणी हवे असेल तर वहिनी तयार आहेत. त्यांनी मला तसे सांगून ठेवले आहे.

मफलर गेल्या रविवारी दिला. दादांनी दोन्ही बाजूंनी पाहिला, ‘कुणी केला’ विचारले, आणि उत्तर ऐकल्यावर लगेच गळ्यात घालून टोके स्वेटरमध्ये खोचली. या आठवड्यात त्यांची विजेची पाळी पुन्हा रात्रीची आहे. दुरुस्ती शक्यतो येत्या रविवारीच छापावी. जानेवारी सरला की नाशिककर लोकर हातात घेत नाहीत.

आपला वाचक,
एक निवृत्त टर्नर
सातपूर, नाशिक